क्लचबाई आणि चार बोटं

क्लचबाईंनी पहिल्या दिवशी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिले माझे पाय. मुलीने हौसेने आणून दिलेले जाड तळव्यांचे बूट घालून मी गेले होते. बाईंनी गाडीचं दार उघडून धरलं, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "हे काढ आधी. नाल घोड्याला ठोकतात, ड्रायव्हरला नाही."

"मग अनवाणी चालवू?"

"मग काय, क्लच डोक्याने दाबणार आहेस?"

मी काही कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही. आमच्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून मी भल्याभल्यांना गप्प केलं आहे. पण या बाईंपुढे मी मुकाट्याने बूट काढले आणि मागच्या सीटवर टाकले. साठी ओलांडलेली उंच बाई, बारीक कापलेले पांढरे केस आणि आवाज असा की हॉर्न वाजवायची त्यांना क्वचितच गरज पडे. खिडकीतून एक "अहो!" टाकला की पुढचा सायकलवाला आपसूक कडेला व्हायचा.

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर कुणा टवाळाने रात्रीतून खडूने 'क्लचबाई' असं लिहून ठेवलं. दुसरी कुणी असती तर तणतणली असती. बाईंनी पाटी उतरवली, रंगाऱ्याकडे नेली आणि तेच नाव ठळक अक्षरात रंगवून घेतलं. "फुकटात जाहिरात सुचवली पोराने," म्हणाल्या.

आधी त्या शिवणकाम करायच्या. आईचं शिलाईचं दुकान होतं, त्यात शाळेचे गणवेश शिवता शिवता त्यांची तिशी उलटली. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धाकट्या भावाने गॅरेज काढलं. एकदा गिऱ्हाइकाची गाडी दुकानाच्या दारातच अडवून ठेवून भाऊ कुठे पार्ट आणायला गेला. बाईंना कापडाचे तागे आत घ्यायचे होते. त्यांनी वाट पाहिली, शिव्या दिल्या आणि शेवटी स्वतःच गाडीत बसल्या. आयुष्यभर शिलाई मशीनचं पायडल मारलेला पाय, त्याला कुठे किती दाबायचं हे शिकवावं लागलं नाही. गाडी सुतासारखी सरळ मागे गेली. भाऊ परतला तर बहीण रस्त्यावर गाडीच्या टपावर कोपर टेकून उभी होती. "बाळ्या," त्या म्हणाल्या, "मशीनपेक्षा हे सोपं आहे. सुईत दोरा ओवावा लागत नाही."

वर्षभरात त्यांनी दुकान आवरलं आणि शिकवायला सुरुवात केली. शिंपीण मात्र त्यांच्यातून गेली नाही. गाडीच्या कप्प्यात मापाचा टेप असे, सीट पुढे-मागे करायची तर टेप लावून करायच्या. आणि क्लचच्या पायडलशेजारी, आतल्या पत्र्यावर, त्यांनी टेपचाच एक तुकडा उभा चिकटवला होता. त्यावर शिंप्याच्या लाल खडूची एक आडवी रेघ होती. गाडीच्या तळापासून बरोबर चार बोटं वर.

"पाय भरकन वर आणायचा तो या रेघेपर्यंत," त्या सांगत. "चार बोटं. इथे क्लच पकडतो. इथे थांबायचं, श्वास घ्यायचा आणि मग पाय असा सोडायचा, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतो तसा."

ही चार बोटं म्हणजे त्यांच्या स्कूलचा मंत्र होता. गावात त्यांचे शेकड्यांनी विद्यार्थी. सिग्नलला दोघे शेजारी थांबले की काचेतून एकमेकांना चार बोटं दाखवायचे आणि हसायचे. बाईंचा विद्यार्थी लायसन्सच्या परीक्षेत नापास झाला असं कुणी ऐकलं नव्हतं. परीक्षा बाईंच्याच गाडीत व्हायची, रेघ सरावाची, पाय सरावाचा. नापास व्हायला वाव तरी कुठे होता?

आता मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर गाडी शिकायला का निघाले ते सांगते. आमची लाँड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट आम्ही धुऊन, इस्त्री करून पोचवतो. धुणं-इस्त्री माझ्याकडे, गाडी ह्यांच्याकडे. आमचे हे लग्नाआधीपासून एकच बंद व्हॅन चालवत होते आणि त्यांचा एक हट्ट होता, चादरी गरम पोचल्या पाहिजेत. हॉस्पिटलातल्या सिस्टरने वरच्या चादरीवर हात ठेवला आणि "अरे वा, गरम!" म्हटलं की ह्यांचा दिवस साजरा व्हायचा. मग डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. गाडी बंद.

ह्यांनी त्या दिवशी किल्ली फ्रिजवर ठेवली आणि तिच्याकडे पाहणंही सोडलं. पुतण्याने काही दिवस गाडी सांभाळली, पण त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, महिनाअखेर तो जाणार होता. परका ड्रायव्हर ठेवायला हे तयार नव्हते. गाडी विकू, हॉस्पिटलचं काम सोडून देऊ, दारावरचे चार कपडे इस्त्री करत बसू, असं म्हणायला लागले. गाडी गेली असती तर हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या वाळून गेला असता. माझ्या डोळ्यांदेखत तसं होऊ देणार होते की काय मी? मी म्हटलं, मी शिकते.

"तू?" हे म्हणाले. "माझ्या गाडीचा क्लच माझ्या पायाशिवाय कुणाला कळायचा नाही."

सुरुवातीला त्यांनीच मला शिकवायचा प्रयत्न केला. नवऱ्याकडून गाडी शिकावी असं ज्या बाईला वाटत असेल तिने आधी मला येऊन भेटावं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आमचं सात जन्मांचं भांडण होऊन गेलं होतं. तेव्हा मी क्लचबाईंचं दार ठोठावलं. परीक्षा महिनाअखेरीच्या आत द्यायची होती. पुतण्या गेला की दुसऱ्या सकाळी चादरी कुणीतरी न्यायलाच हव्या होत्या.

मी शिकले आणि छान शिकले. बाईंच्या गाडीचा क्लच दगडासारखा जड होता, पोटरीला गोळे यायचे, पण लाल रेघेपर्यंत पाय आला की गाडी आज्ञाधारकपणे पुढे सरकायची. चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावलं तरी वीतभरही मागे येत नसे. "तुझा पाय शहाणा आहे," बाई म्हणाल्या. "डोक्याचं मला माहीत नाही."

आणि परीक्षा तोंडावर आली असताना गाडीने मान टाकली. चढावर ओढेना, गिअर पडताना कुरकुर करी. बाईंच्या भावाने, म्हणजे गॅरेजवाल्या बाळ्याभाऊंनी, सगळा क्लच बदलला. प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, केबलसुद्धा नवी. सकाळी आम्ही दोघी-तिघी विद्यार्थिनी गॅरेजच्या दारात उभ्या होतो. बाई रुबाबात गाडीत बसल्या. चपला काढल्या, क्लच दाबला, तो धपकन तळाला गेला. बाईंनी भुवया उंचावल्या. गिअर टाकला, पाय भरकन रेघेपर्यंत आणला आणि गाडीने अशी उडी मारली की कप्प्यातला टेप बाहेर पडला. मग गाडी बंद.

क्लचबाईंच्या हातून गाडी बंद पडलेली कुणी कधी पाहिली नव्हती. कुणी हसलंही नाही. सगळ्याजणी उगाच आकाशात काहीतरी बघायला लागल्या.

बाईंना पुन्हा जमायला वेळ लागला नाही, दुसऱ्या खेपेला त्यांनी गाडी लोण्यासारखी उचलली. बारा वाजले ते माझे. नव्या क्लचचं पायडल पिसासारखं हलकं आणि तो पकडत होता खाली, तळापासून जेमतेम दीड बोटावर. माझा शहाणा पाय भरकन चार बोटांवर जायचा, तोवर क्लच कधीच पकडून चुकलेला असायचा. झटका, बंद. झटका, बंद. चढावर तर गाडी मागे घसरली आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून उभाच राहिला. मी दार उघडून त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं, पण परत सीटवर बसले तेव्हा गाडी सुरू करायची हिंमत होईना. डोळ्यांपुढे फ्रिजवरची किल्ली दिसत होती.

"रडायचं नाही," बाई म्हणाल्या. "चूक गाडीची आहे."

आम्ही तडक गॅरेजात गेलो. बाळ्याभाऊ एका गाडीखाली आडवे होते, नुसते पाय बाहेर. बाईंनी त्या पायांशीच बोलायला सुरुवात केली.

"बाळ्या, हा क्लच पूर्वीसारखा करून दे."

"ताई, तो बरोबर आहे," गाडीखालून उत्तर आलं. "पूर्वीचा खराब होता. प्लेट झिजत गेली की क्लच वर वर पकडायला लागतो आणि जड होतो. रोज थोडा थोडा झाला, म्हणून तुला कळलं नाही. नवा असाच असतो, हलका आणि खाली."

"केबल आवळलीस तर वर पकडेल की नाही?"

आता भाऊ सरपटत बाहेर आले. तोंडावर काळं, हातात पाना. "पकडेल. पण केबलला थोडी ढील लागते. ती काढून घेतलीस तर पाय उचलला तरी क्लच पुरता बसत नाही. प्लेट घासत राहते, जळते."

"परीक्षेपर्यंत नाही जळत."

"ताई," भाऊ म्हणाले, आणि इतक्या शांतपणे म्हणाले की मीच कानकोंडी झाले. "तू लोकांना गाडी चालवायला शिकवतेस की ही गाडी चालवायला? मापाने शिवलेला कपडा ज्याचा त्यालाच बसतो. तू सगळ्या गावाला एकाच गाडीच्या मापाने शिवलं आहेस."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. भावाच्या हातातून त्यांनी पाना हिसकावून घेतला, बॉनेट उघडलं आणि केबलचा नट स्वतः आवळला. कुठला नट ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर गॅरेजच्या दारात बसलेली बाई ती. भाऊंनी हात टेकले आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

क्लच पुन्हा चार बोटांवर आला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या संध्याकाळी मी एकदाही गाडी बंद पाडली नाही. घरी जाऊन ह्यांना म्हटलंसुद्धा, परीक्षा झाल्यातच जमा समजा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पाण्याच्या टाकीकडच्या लांब चढावर नेलं. अर्ध्यात थांबवलं. मी रेघेपर्यंत पाय आणला, सोडला, ॲक्सिलरेटर दिला. इंजिन गुरगुरायला लागलं, मग ओरडायला लागलं, पण गाडी जागची हलेना. आणि मग वास आला. तो वास मला ओळखायला कुणी शिकवायला नको होतं आणि बाईंनाही. इस्त्री कापडावर विसरली की येतो, तसाच. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटतं, माझ्या तोंडाकडे बाईंनी नीट पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

त्या खाली उतरल्या, अनवाणीच, आणि बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी मनाशी म्हटलं, आता काहीतरी सबब येणार, केबल नवी आहे, चढ फार आहे, हवा दमट आहे. माझे हे असते तर रस्त्यालाच दोष देऊन मोकळे झाले असते. बाई परत गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "बाळ्या बरोबर होता. चल, थंड झाली की उतारानेच घे."

गॅरेजात पोचल्यावर त्यांनी हातचं काही राखलं नाही. भाऊ चहाचा कप तोंडाला लावत होते. बाई म्हणाल्या, "बाळ्या, तू बरोबर, मी चूक. पाना दे." भाऊंचा कप तिथल्या तिथे अडकला. पुढे ते मला म्हणाले, हे वाक्य जन्मात पहिल्यांदा ऐकलं, म्हणून आधी वाटलं ताईला बरं नाही.

बाईंनी नट ढिला केला, भाऊंनी प्लेट तपासून "वाचली" म्हटलं. मग बाईंनी विचारलं, "माझ्याकडे शिकलेले लोक स्वतःची गाडी घेतात आणि क्लच बिघडला म्हणून येतात, त्यांना मी तुझ्याकडे पाठवते. त्यांचं तू काय करतोस?"

"ते म्हणतात, बाईंच्या गाडीसारखा करून द्या. मी समजावतो, ते ऐकत नाहीत. मग देतो आवळून." भाऊंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे काळ्या पडलेल्या, झिजलेल्या क्लच प्लेटांचा ढीग होता. "यातल्या निम्म्याअधिक तुझ्या आहेत."

"मग मला बोलला का नाहीस?"

"बोललो की. दर वर्षी बोलतो. तू म्हणतेस, तू नट आवळ, शिकवायचं मी बघते."

मला हसू आवरेना. गावातल्या अर्ध्या गाड्यांचे क्लच बहिणीने शिकवून जाळले आणि भावाने बदलून दिले, आणि दोघांच्याही मनात पाप नाही! मी तसं बोलूनही दाखवलं. बाई क्षणभर माझ्याकडे रोखून बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की शेडचा पत्रा वाजला. हसणं संपल्यावर त्या गाडीत वाकल्या आणि पायडलशेजारचा टेपचा तुकडा नखाने खरवडून काढला. लाल खडू त्यांच्या बोटांना लागला, तो त्यांनी साडीला पुसला.

"आजवर मी चुकीचं शिकवलं," त्या म्हणाल्या. "आता बरोबर शिकवते. बस इकडे."

ती दुपार मी विसरणार नाही. गॅरेजात दुरुस्तीला आलेली जी गाडी चालू होत होती, तिच्यात त्यांनी मला बसवलं. औषध दुकानाची गाडी, एक टॅक्सी, भाजीचा टेम्पो, कुणा डॉक्टरांची लांबलचक मोटार. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. पहिला गिअर टाकायचा, डोळे मिटायचे आणि क्लच सोडत यायचा, इंजिनचा आवाज खाली बसेपर्यंत. बाई शेजारी, भाऊ खबरदारी म्हणून बॉनेटसमोरून दूर.

"कुठे पकडतो?" मी विचारलं.

"मला विचारू नकोस. पायाला विचार."

"पाय काय बोलतो का?"

"तुझं तोंड बंद असलं तर बोलेल."

टॅक्सी मी बंद पाडली. टेम्पोही पाडला. मोटारीत मात्र मी जीभ दाताखाली धरून बसले, आणि अचानक मला ते कळलं. इंजिनचा सूर किंचित जाड झाला, सीटखाली बारीक थरथर आली, आणि तळव्याला काहीतरी लागलं, अंधारात चाचपडताना पायरी लागावी तसं. तिथे मी थांबले. मोटार आपण होऊन गोगलगायीच्या चालीने पुढे सरकली. बाईंनी नुसतं दार उघडलं आणि पुढच्या गाडीकडे बोट दाखवलं. संध्याकाळपर्यंत दर गाडीत ती जागा वेगळी निघाली, आणि दर गाडीत मला ती सापडली.

"आता परीक्षा," बाई म्हणाल्या. "ती तू तुझ्या गाडीत द्यायचीस. चालवायची तीच आहे ना आयुष्यभर?"

बाईंची गाडी घेतली असती तर आता डोळे मिटून पास झाले असते. ह्यांच्या व्हॅनला मी त्या गल्लीतल्या भांडणानंतर हात लावला नव्हता. पण बाई बोलून चालायला लागल्यासुद्धा, थेट आमच्या घरी.

हे खुर्चीत बसले होते. बाईंनी सवयीप्रमाणे त्यांच्या पायांकडे पाहिलं. रस्त्यावरून एखादी गाडी गेली, गिअर बदलल्याचा आवाज आला की ह्यांचा डावा पाय फरशीवर अलगद दाबला जायचा. मी इतके दिवस त्याच घरात होते, मला ते दिसलं नव्हतं.

"लाँड्रीवाले," बाई म्हणाल्या, "तुमच्या बायकोला उद्या व्हॅन पाहिजे. सरावाला, आणि मग परीक्षेला."

"त्या गाडीचा क्लच माझ्या पायाशिवाय कुणाला..."

"मलाही परवापर्यंत असंच वाटत होतं. माझ्या गाडीबद्दल." बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "पाय तुमचा चांगला आहे, डोळ्यांनी दगा दिला. तिचे डोळे चांगले आहेत. शेजारी बसा. पण एक शब्द बोलायचा नाही."

हे उठले. फ्रिजवरून किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. मी ती उचलली. किल्लीवर धूळ होती.

आमच्या व्हॅनला पुढे तिघांची सलग सीट आहे. मी स्टिअरिंगवर, मधे बाई, पलीकडे दाराशी हे. पहिल्या दिवशी ते बाईंनी बजावल्याप्रमाणे गप्प राहिले, पण त्यांचा डावा पाय गप्प राहीना. मी क्लच दाबायच्या आधी तो खालच्या मॅटवर दाबला जाई, मी सोडायच्या आधी सुटे. चढ आला की पाय मॅटमध्ये रुतायचा. ह्यांच्या व्हॅनचा क्लच मधेच कुठेतरी पकडायचा, किंचित थरथरत, आणि पहिल्या फेरीला मी गाडी तीनदा बंद पाडली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. पण दुपारपर्यंत पायाने जागा शोधली. ह्यांचा पाय मात्र दिवसभर दाबतच राहिला.

परीक्षेच्या दिवशी आरटीओचे साहेब व्हॅनमध्ये चढले, हातातले कागद चाळले आणि हसून माझ्यापुढे हात धरला. चार बोटं. "बाईंच्या विद्यार्थिनी ना? मीही त्यांच्याचकडे शिकलो."

"ते आता रद्द झालं, साहेब," मी म्हटलं.

"रद्द?" साहेबांचा हात तसाच राहिला. "म्हणजे? माझ्या गाडीचा क्लच तर मी मुद्दाम..."

"गॅरेजला दाखवून घ्या," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

चढावर त्यांनी मला थांबवलं. मी हँडब्रेक ओढला. बाहेर भिंतीपाशी बाई आणि हे उभे होते. बाई भिंतीला टेकून, हे ताठ. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे लाल रेघ आली, आणि पाय भरकन वर निघालासुद्धा. मी त्याला थोपवलं. जीभ दाताखाली धरली. सूर जाड झाला, सीट थरथरली, पायरी लागली. मी हँडब्रेक सोडला आणि व्हॅन वर निघाली, बोटभरसुद्धा मागे न येता. साहेबांनी काहीतरी लिहिलं. तिकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता, मला फार आनंद झाला होता.

नंतर बाईंनी पाटीखाली आणखी एक ओळ रंगवून घेतली की जुन्या विद्यार्थ्यांनी एकदा येऊन जावं, क्लच पुन्हा शिकवला जाईल. लाज वगैरे त्यांना वाटली नाही. लोक येतात, चहा पितात, गॅरेजातल्या गाड्यांत डोळे मिटून बसतात, आणि बाळ्याभाऊ कुरकुरतात की ताईने धंदा बुडवला. साहेबसुद्धा एका रविवारी येऊन अनवाणी बसून गेले.

पण मला सांगायचं आहे ते परीक्षेच्याच दिवसाचं. पास होऊन तिथून आम्ही सरळ लाँड्रीत गेलो, तयार गठ्ठे भरले आणि हॉस्पिटलकडे निघालो. मी, बाई, हे. मागे चादरी वाफाळत होत्या. हॉस्पिटलच्या दाराशी मोठा चढ आहे, आणि नेमकी पुढे ॲम्ब्युलन्स थांबल्याने मला भरल्या गाडीने त्या चढाच्या मधोमध थांबावं लागलं. ॲम्ब्युलन्स हलली. मी क्लच सोडत आणला.

बाईंनी मला कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनीच खाली दाखवलं.

ह्यांचा डावा पाय मॅटवर नव्हता. त्यांनी तो उजव्या पायावर टाकला होता, घरी पेपर वाचताना टाकतात तसा, आणि ते खिडकीबाहेर बघत होते. व्हॅन चढ चढत होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

माझे डोळे भरून आले. भर चढावर ड्रायव्हरने रडावं का? पण आले.

"जरा दाब की पुढे," हे खिडकीकडेच बघत म्हणाले. "चादरी गार होतील."

"घ्या!" बाई म्हणाल्या. "पाय थांबला तर तोंड सुरू झालं."

मी बाहीने डोळे पुसले, क्लच दाबला आणि दुसरा गिअर टाकला.